जुन्या जीपचा मागचा एक्सल कसा निवडावा

अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड करत तेलंगणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग 161 चौपदरी झाला आणि आमच्या भागातल्या जुन्या जीपवाल्यांपुढे एक प्रश्न नव्याने उभा राहिला. गाडी तीच, इंजिन तेच, रस्ता मात्र बदलला. खड्डे चुकवत ताशी चाळीसने जाणाऱ्याला आपले इंजिन ऐंशीला किती ओरडते हे कळायचा प्रसंगच पूर्वी येत नसे. आता कळमनुरीच्या पुढे मोकळा रस्ता लागला की पाय आपोआप दाबला जातो, इंजिन किंचाळायला लागते, आणि दुसऱ्या दिवशी जीपवाला मिस्त्रीकडे जाऊन म्हणतो, “भाऊ, मागचा एक्सल बदलून टाकू.”

बदलायचा, पण कोणता घालायचा? मी गेली बरीच वर्षे हा प्रश्न ऐकतो आहे. त्याची उत्तरे ऐकीव असतात. कोणी म्हणतो अमुक गाडीचा “मजबूत” असतो, कोणी म्हणतो तमुक गाडीचा बसवला तर “पळते”. दोन्ही खरे असू शकते आणि तरीही गाडी बिघडू शकते. म्हणून हा प्रश्न एकदा मुळापासून मांडावा असे वाटले.

मागच्या एक्सलचा सगळ्यात जास्त खल झाला तो अमेरिकेत, 1960 च्या दशकातल्या ‘मसल कार’वाल्यांमध्ये. 1964 च्या पॉन्टिॲक जीटीओपासून मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-8 इंजिन घालायची लाट आली. इंजिनाची ताकद वाढली की ती शेवटी येऊन पोचते मागच्या एक्सलवर, आणि काही तुटायचे असेल तर बहुधा तिथेच तुटते. मग फोर्डचा 9 इंची, जनरल मोटर्सचा बारा बोल्टांचा, क्रायस्लरचा पावणेनऊ इंची आणि सगळ्यांत दणकट म्हणून डाना 60, अशी नावे तिथल्या गॅरेजांत रुळली. यातले इंच म्हणजे क्राउन गिअरचा व्यास. डाना 60 चा तो पावणेदहा इंच असतो. क्रायस्लरने 1966 मध्ये 426 हेमी इंजिन आणि चार गिअरची पेटी एकत्र दिली तेव्हा त्याखाली हाच एक्सल घातला. फोर्डचा 9 इंची 1957 पासून चालला. त्याची खुबी अशी की क्राउन-पिनियनचा सगळा संच पुढच्या बाजूने एकत्र बाहेर काढता येतो. शर्यतवाले घरी एक संच लावून तयार ठेवत आणि सकाळी रस्त्याचा काढून शर्यतीचा बसवत.

असल्या गाड्या आपल्याकडे जवळजवळ आल्याच नाहीत. आयातीवरची बंधने कडक होती. त्याआधीच्या पिढीतल्या अमेरिकन गाड्या मात्र मुंबईत जुळवल्या जात होत्या, शिवडीला जनरल मोटर्सच्या आणि कुर्ल्याला प्रीमियरकडे डॉज-प्लिमथ. त्या शहरात, संस्थानिकांकडे आणि सिनेमावाल्यांकडे राहिल्या. मराठवाड्याच्या खेड्यापर्यंत जी अमेरिकन गाडी खरोखर पोचली आणि जी आजही वखारीच्या शेजारी उभी दिसते, ती एकच, विलीज जीप. महिंद्रांनी 1949 मध्ये माझगावला तिची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-3बी हे मॉडेल अमेरिकेत 1968 ला बंद पडले तरी इथे चालू राहिले. सरकारी खाती, साखर कारखाने, आमदार, मग काळी-पिवळी प्रवासी वाहतूक आणि शेवटी शेत, असा तिचा प्रवास. पेट्रोल परवडेना तेव्हा तिच्यात डिझेल इंजिने आली. त्यांतले प्यूजोचे एक्सडीपी 4.90 आमच्याकडच्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे. नावातला 4 म्हणजे चार सिलिंडर आणि 90 म्हणजे त्यांचा मिलिमीटरमधला व्यास.

हिच्या मागे असतो डाना 44. डाना हे नाव चार्ल्स डाना यांचे. 1946 मध्ये स्पायसर कंपनीने ते धारण केले. म्हणून जुन्या हाउसिंगवर कधी स्पायसर दिसते. हा एक्सल मुळात इतका सरस की पुढे चार दशकांनी तो काही कॉर्व्हेट गाड्यांखालीही गेला. सांगायचे हे की ज्याला आमच्याकडे “जुनाट जीपचा एक्सल” म्हणून बाजूला काढतात, त्याच्यासाठी अमेरिकेतले हौशी लोक भंगारची आगारे धुंडाळतात. साठ-सत्तर अश्वशक्तीच्या जीपखाली डाना 44 ताकदीला कमी पडत नाही. आपल्याकडे तो मोडतो तेव्हा कारण बहुतेक वेळा दुसरे असते, त्याकडे पुढे येतो.

आधी आकड्याकडे. एक्सलचा गुणोत्तर-आकडा म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते तो. मूळ सीजे-3बीचा हा आकडा 5.38 आहे, क्राउनला 43 दात आणि पिनियनला 8. याच घराण्यातले दुसरे संच 4.88 (39 आणि 8), 4.27 (47 आणि 11), 3.73 (41 आणि 11) असे मिळतात. आकडा मोठा तर ओढ जास्त, पळ कमी. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर ओझ्याचे बैल आणि शर्यतीचे बैल यांतला फरक.

हिशेब सोपा आहे. जीपच्या 6.00-16 टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर एक हजार मीटर, म्हणजे चाकाच्या सुमारे 444 फेऱ्या. टॉप गिअर थेट असेल तर 5.38 वर इंजिन मिनिटाला 2,400 फेऱ्या फिरते, 4.88 वर 2,170, 4.27 वर 1,900 आणि 3.73 वर 1,660. आता हेच ताशी 80 ला पाहा: 3,200, 2,900, 2,530, 2,200. महामार्गावर इंजिन का ओरडते ते या पहिल्या आकड्यात आहे, आणि लोक 3.73 च्या मागे का लागतात ते शेवटच्या आकड्यात.

पण तोच आकडा शेतात उलटतो. विलीजच्या तीन गिअरच्या पेटीचा पहिला गिअर 2.80 आणि ट्रान्सफर केसचा ‘लो’ 2.46. त्याला 5.38 ने गुणले की 37 येतात. म्हणजे इंजिनाच्या 37 फेऱ्यांत चाकाची एक फेरी. 4.27 घातला तर 29, आणि 3.73 घातला तर 26 सुद्धा पुरते भरत नाहीत. चार गिअरच्या पेटीत हे आकडे बदलतील, प्रमाण बदलणार नाही. औंढा-सेनगावकडच्या चढाउताराच्या वाटेवर हळदीची पोती भरून निघालेल्या जीपला तो तिसरा हिस्सा गेलेला लगेच जाणवतो. क्लच घासत, इंजिन ताणत गाडी चढते, आणि महामार्गावर वाचवलेले डिझेल क्लच-प्लेटच्या खर्चात निघून जाते.

टायरही याच हिशेबात धरावा लागतो. 7.50-16 टायर घातला की घेर अडीच मीटरच्या पुढे जातो आणि 5.38 चा एक्सल 4.75 सारखा वागू लागतो. म्हणजे मोठे टायर घालून वर 4.27 चा संचही बसवला, तर तुम्ही नकळत 3.77 वर जाऊन पोचता. मोठे टायर दिसायला छान म्हणून आधी घालायचे आणि मग गाडी ओढत नाही म्हणून इंजिन खोलायचे, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता कोणी जीपची तक्रार सांगितली की मी आधी टायरवरचा आकडा वाचतो.

अमेरिकन मसल कार आणि आपली जीप यांत खरा फरक आता येतो. मसल कारला ओढणारा एक्सल एकच, मागचा. त्यात हवा तो संच घाला, बिघडत काही नाही. जीपला पुढेही एक्सल आहे आणि फोर-व्हीलची दांडी टाकली की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना बांधले जातात. मागे 4.27 आणि पुढे तसाच 5.38 राहिला, तर पुढची चाके मागच्यांच्या ऐंशी टक्केही फिरत नाहीत. शंभर मीटर जाताना वीस मीटरचा फरक कुठेतरी निघायलाच हवा. चिखलात चाके घसरून तो निघून जातो, म्हणून मालकाला वाटते सगळे ठीक आहे. कडक जमिनीवर दांडी टाकली की तो निघायला जागा उरत नाही. मग प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा क्रॉस तुटतो, ट्रान्सफर केसचे दात जातात किंवा पुढचा शाफ्ट पिळतो. मागचा एक्सल बदलून देणारे गॅरेज ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगत नसेल, तर तिथे काम टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही एक्सलचे संच एकाच आकड्याचे हवेत, किंवा पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवून गाडी कायमची टू-व्हील झाली हे मान्य करायला हवे. मधला मार्ग नाही.

मापाची आणखी एक अडचण आहे. दुसऱ्या गाडीचा पुरा एक्सल उचलून आणणाऱ्यांना ती हमखास आडवी येते. विलीजच्या डाना 18 ट्रान्सफर केसचे मागचे तोंड मधोमध नसून उजवीकडे सरकलेले आहे, म्हणून मूळ मागच्या एक्सलचा फुगीर भागही उजवीकडेच असतो. रस्त्यावरच्या बहुतेक टू-व्हील गाड्यांचा तो मध्यावर असतो. असा एक्सल बसवला की प्रोपेलर शाफ्ट तिरका जातो, दोन्ही टोकांचे क्रॉस सतत कोनात फिरतात, थरथर सुरू होते आणि क्रॉस लवकर खलास होतात. शिवाय रुंदी. जुन्या जीपच्या दोन चाकांमधले अंतर साधारण 49 इंच. रुंद गाडीचा एक्सल आणला तर मागची चाके पुढच्या चाकांच्या चाकोरीत येत नाहीत. काळ्या मातीच्या पाणंदीत हे फार महागात पडते, कारण पुढच्या चाकांनी केलेल्या वाटेत मागची चाके पडली तरच गाडी निघते. मागची चाके स्वतःची नवी वाट फोडू लागली की ओझे दुप्पट होते. पाट्यांचे बूड, ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची तार, शॉकॲबसॉर्बरचे खूर हे सगळे मग वेल्डिंगने जुळवत बसावे लागते. हाउसिंगवर जास्त उष्णता गेली की नळी वाकते, आणि वाकलेल्या नळीत बेअरिंग टिकत नाहीत.

आता मजबुतीकडे. एक्सलचे दोन प्रकार असतात. फुल-फ्लोटिंग प्रकारात गाडीचे ओझे हाउसिंगच्या नळीवर बसते, आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहते. युद्धकाळातल्या जीपचा मागचा एक्सल असा होता. सेमी-फ्लोटिंग प्रकारात ओझेही शाफ्टवरच येते. तो तुटला तर चाक ड्रमसकट बाहेर निघू शकते. नंतरच्या सीजे जीपना हा दुसरा प्रकार आला, आणि त्यातही शाफ्टचे टोक निमुळते, वर हब दाबून बसवलेला, मध्ये एक चावी आणि बाहेरून नट. या रचनेचे सगळे बळ निमुळत्या टोकाच्या पकडीत आहे. चावी फक्त आधाराला असते. नट ढिला राहिला की पकड सुटते, सगळा जोर चावीवर येतो, आणि ती कापली जाते.

आमच्या घरच्या जीपचे हेच झाले. वसमतच्या मोंढ्यात हळद टाकून मामा रात्री परत निघाले होते. एका उतारावर क्लच सोडला तरी गाडी ओढेना. प्रोपेलर शाफ्ट फिरतो आहे, चाक मात्र उभे. आम्हाला वाटले क्राउन-पिनियन गेले. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर दिसले की हबमधली चावी मधोमध कापली गेली होती आणि शाफ्टच्या टोकावर गोल घासल्याच्या खुणा होत्या. काही दिवसांपूर्वी एका गॅरेजात ब्रेक लायनर बदलताना ड्रम काढला होता, आणि बसवताना नट हाताच्या अंदाजाने आवळला होता. या नटाला दीडशे फूट-पाउंड जोर लागतो, म्हणजे लांब दांडा लावून एका माणसाने अंगाचा भार टाकावा इतका. त्या वेळी आम्हाला “हा एक्सलच बाद आहे, दुसऱ्या गाडीचा टाका” असा सल्ला मिळाला होता. तो ऐकला असता तर एका चावीपायी चांगला डाना 44 भंगारात गेला असता. नवा शाफ्ट, नवी चावी आणि नीट आवळलेला नट एवढ्यावर ती जीप पुढे अनेक हंगाम चालली.

म्हणून बदलायच्या आधी मोजा, हे माझे सांगणे आहे. आपल्या एक्सलचा आकडा घरी काढता येतो. मागचे एक चाक जॅकवर उचला, दुसरे जमिनीवर पक्के अडवा, गिअर न्यूट्रलला ठेवा. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने एकेक खूण करा. उचललेले चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. पाच आणि वर थोडी कमी अर्धी भरली तर 5.38, सव्वाचार भरल्या तर 4.27. दोन फेऱ्या का, तर एक चाक अडवलेले असताना मोकळे चाक क्राउनच्या दुपटीने फिरते. हीच परीक्षा पुढच्या एक्सलचीही करा. जुन्या जीपा इतक्या हातांतून गेलेल्या असतात की पुढे-मागे वेगळे आकडे आधीच बसलेले सापडतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

नुसता संच बदलायचा झाला तर दोन गोष्टी माहीत हव्यात. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात, त्यांवर जोडीचा आकडाही कोरलेला असतो. एकाचे क्राउन आणि दुसऱ्याचे पिनियन घातले की किलकिलाट ठरलेला. दुसरे, डाना 44 मध्ये क्राउन ज्या पिंजऱ्यावर बसते तो सगळ्या आकड्यांना एकच नसतो. 3.73 आणि त्याखालच्या आकड्यांचा वेगळा, 3.92 आणि त्यावरच्यांचा वेगळा. त्यामुळे 5.38 वरून 4.88 किंवा 4.27 वर यायला जुनाच पिंजरा चालतो, 3.73 वर जायचे तर पिंजराही शोधावा लागतो. शिम लावून, दातांना रंग लावून ठसा पाहिल्याशिवाय बसवलेला कोणताही नवा संच जुन्या झिजलेल्या संचापेक्षा वाईट. हा ठसा बघणारा मिस्त्री मिळाला तर पायी चालत त्याच्याकडे जावे.

चिखलासाठी लॉकचा विचार बरेच जण करतात. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले की जोर तिकडेच जातो आणि दुसरे गप्प उभे राहते. महिंद्रांनी 2015 मध्ये थारच्या मागच्या एक्सलला आपोआप लागणारा लॉक दिला, तो याचसाठी. जुन्या जीपला असा लॉक बसवता येतो, पण निमुळत्या टोकाच्या शाफ्टवर त्यामुळे येणारा जोर आधीच्या दुपटीच्या जवळ जातो. शाफ्ट बदलल्याशिवाय मी तो बसवणार नाही. काळ्या मातीत रुतलेली जीप काढायला लॉकपेक्षा हवा कमी केलेले टायर जास्त उपयोगी पडतात हा माझा अनुभव.

ओढ्यानाल्यांतून जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. तापलेला एक्सल कयाधूच्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ती सीलमधून पाणी ओढते. हाउसिंगवरचा ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर नक्कीच. तेल दुधाळ दिसले की त्याच दिवशी बदलावे. हायपॉइड दातांना जीएल-5 प्रतीचे 90 नंबरचे गिअर ऑइलच हवे. कोणता का एक्सल घाला, ही काळजी नसेल तर तो टिकणार नाही.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा संच बदलणे ही दुरुस्ती झाली; रुंदी वाढवणारा परका एक्सल हा बदल झाला. हिंगोलीच्या एमएच-38 परिवहन कार्यालयात आधी विचारून घेणे चांगले. ज्यांची जीप पन्नास वर्षांवरची आहे त्यांनी तर जास्त जपावे. जुलै 2021 मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे. पण अट आहे गाडी मूळ रूपात असण्याची.

स्पीडोमीटरची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि तीच जिवावर बेतू शकते. जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. मागे-पुढे 5.38 काढून 4.27 घातला की काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात 75 ने चाललेली असते. त्या गाडीचे ब्रेक 9 इंची ड्रमचे आहेत. ते ज्या वेगासाठी बनवले होते तो वेग तुम्ही मागे टाकलेला असतो आणि काट्याला त्याची खबर नसते. म्हणून एक्सलच्या खर्चात ब्रेकचा खर्च धरलाच पाहिजे.

एवढे सगळे पाहून माझा निवाडा असा. पेट्रोलवरची, मूळ रूपातली जुनी जीप असेल तर 5.38 ला हात लावू नका, ताशी पन्नासने चालवा. डिझेल जीप मुख्यतः शेतात आणि पाणंदीत राबत असेल तर पुढे-मागे 4.88. जिचा निम्म्याहून जास्त वेळ महामार्गावर जातो तिला पुढे-मागे 4.27, मूळ मापाचे टायर आणि पूर्ण नवे केलेले ब्रेक. 3.73 मी या जिल्ह्यातल्या कुठल्याही तीन गिअरच्या जीपला सुचवणार नाही. परक्या गाडीचा पुरा एक्सल घालणे हा शेवटचा उपाय, स्वतःचे हाउसिंग फुटले किंवा वाकले असेल तेव्हाचा.

आणि एक विनंती. संच बदललात तर जुने क्राउन-पिनियन आणि शाफ्ट किलोच्या भावाने भंगारात घालू नका. तेल लावून, पोत्यात बांधून, त्यावर दातांचा आकडा लिहून माळ्यावर ठेवा. मूळ 5.38 ची जोडी शोधत कोणीतरी एक दिवस तुमच्या दारात येईल.